शेजारच्या सीटचा ब्रेक

१२ जानेवारी

धाकट्या,

फोन केला की तू "बरं आहे दादा" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसलो. नको वाटलं तर बाजूला ठेव. कागद तुझ्या मागे लागणार नाही.

इकडे सगळं आहे तसंच. आईचे गुडघे थकले, जीभ थकलेली नाही. तुझी वहिनी क्लासचे फोन घेते आणि मी सकाळी सहापासून गाडीत असतो. ड्रायव्हिंग शिकवायला लागून यंदा बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी किती लाख किलोमीटर फिरलो असेन, पण सगळे शेजारच्या सीटवर बसून. कधी कधी वाटतं, मी स्वतः कुठे गेलोच नाही.

थकवा आलाय. झोपून जाणारा नव्हे. पायात बसलेला.

परवा मिस्त्रीने चाक काढलं आणि ब्रेकचे पॅड माझ्या तळहातावर ठेवले. नखाएवढे उरले होते. म्हणाला, "सर, पाच महिन्यांपूर्वी नवे टाकलेत. तुम्ही गाडी चालवायला शिकवता की अडवायला?" खरं आहे त्याचं. माझ्या पायाशी जो दुसरा ब्रेक आहे ना, शिकवणाऱ्याचा, त्यावरून माझा पाय आता उठतच नाही. रस्ता मोकळा असतो, मुलगा नीट चालवत असतो, आणि मी दाबतो. क्लासला एक दातांची डॉक्टरीण होती. ती तर एकदा गाडी बाजूला घेऊन म्हणाली, "सर, मी उतरते. तुम्ही दोघं आधी ठरवा, तुम्ही आणि तुमचा पाय."

ही डॉक्टरीण लायसन्स मिळाल्यावर थांबली नाही. शहराबाहेर जुनी धावपट्टी आहे, तिथे आता ट्रॅक केलाय. महिन्यातून एका रविवारी कुणीही आपली रोजची गाडी घेऊन जायचं आणि शिकवणाऱ्याला शेजारी बसवून वेगात चालवायचं. शर्यत नसते. कोण पहिला, कोण शेवटचा, असं काही नसतं. ती म्हणाली, "तिथे समोरून काहीच येत नाही, सर. तुमच्या पायाला एकदा दाखवून आणा."

मी नाव नोंदवलंय. तुला हसू येईल. तुझी वहिनी तर हसलीसुद्धा नाही. "पन्नाशी आली, आता वेग सुचला," एवढंच म्हणून आत गेली.

पण खरं कारण फक्त पाय नाही. गाडी तीच आहे. अपघातानंतर पत्रा बदलला, तुझ्या बाजूचं दार बदललं, बाकी तीच. सहा वर्षं माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. दगडखाणीच्या त्या वळणावर, मी शेजारी बसलेला असताना, तू ऐंशीला होतास असं तू म्हणालास. पंचनाम्यात "अतिवेग" लिहिलं गेलं आणि तुझी रुग्णवाहिकेवरची नोकरी गेली. शुद्धीवर आल्यावर तू पुन्हा पुन्हा सांगत होतास, "पेडल माझ्या आधी खाली गेलं." डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार बसला की असं होतं. मला एवढंच बघायचंय की तसल्या वळणावर ऐंशीला ही गाडी टिकते का. टिकली नाही तर विषय मिटला. टिकली तर पुढचं पुढे.

तुझ्याविषयी माझ्या मनात काही नाही, हे तुला ठाऊक आहे. तू पाय धरलेस त्याच दिवशी मी सगळं सोडून दिलं.

गुडघा शेकत जा. गोदामात खोकी मोजायला उभं राहावं लागतं, तर एक स्टूल मागून घे. मागायला लाजू नकोस.

दादा


३ फेब्रुवारी

धाकट्या,

जाऊन आलो. दिवसभर स्टिअरिंग आवळून धरून बोटं आखडलीत, म्हणून अक्षर असं आलंय. आपले गुरुजी असते तर पुन्हा लिहायला लावलं असतं.

आधीचे आठ दिवस तयारीत गेले. मिस्त्रीने पॅड बदलले, ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरलं, टायर चारही बाजूंनी चाचपून पाहिले, चाकांचे नट आवळले. वर म्हणाला, "लग्नाच्या घोड्यालासुद्धा एवढं कुणी बघत नाही." रविवारी पहाटे देवासमोर बसलो. हल्ली मी तिथे फार वेळ बसत नाही. जास्त बसलं की तोच काहीबाही विचारायला लागतो.

फाटकाशी तपासणी असते. तपासणारा माणूस चांगला होता, पण फार बारीक बघणारा. गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढायला लावली. पायपुसणी, पाण्याची बाटली, छत्री, मुलांच्या सह्यांची वही. मग डॅशबोर्डवरच्या देवाच्या तसबिरीकडे बोट दाखवून विचारलं, "चिकटवलेली आहे की नुसती ठेवलेली?"

"ठेवलेली."

"मग काढा. वळणावर सुटी वस्तू उडते आणि डोळ्यात जाते."

मी तसबीर खिशात घातली. देवाकडे सुटी वस्तू म्हणून मी कधी पाहिलं नव्हतं. दिवसभर हा शब्द मनातून जाईना.

टपावरचा क्लासचा फलक काढायला मी विसरलो होतो. तसाच रांगेत उभा राहिलो. मागच्या गाडीतून कुणीतरी ओरडलं, "काका, परीक्षा इथे नाही, पुढच्या चौकात." सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मग एका पत्र्याच्या खोलीत सगळ्यांना बसवून नियम सांगितले. पिवळं निशाण दिसलं की पुढे काही घडलंय, कुणाला मागे टाकायचं नाही. लाल दिसलं की वेग कमी करून परत यायचं. मागच्याला पुढे जायचं असेल तर पुढच्याने खिडकीतून हात दाखवल्याशिवाय जायचं नाही. मला हे फार आवडलं. रस्त्यावर कोण कुणाला हात दाखवून वाट देतं?

मला शिकवायला एक बाई होत्या. चाळिशीच्या, आखूड केसांच्या. पूर्वी टायरच्या कारखान्यात टायर झिजवून बघायची नोकरी करायच्या. माझ्या गाडीत बसल्या आणि पायाशी दुसरा ब्रेक बघून म्हणाल्या, "अरे वा. अशी गाडी मला वीस वर्षं हवी होती. लोक मला भिंतीवर घेऊन जातात आणि माझ्याकडे फक्त आरडाओरडा करायची सोय असते." मग त्यांनी काय केलं असेल? दोन्ही पाय मागे घेऊन सीटखाली दुमडले. "हे मी वापरणार नाही. गाडीत ड्रायव्हर एकच आहे, हे तुम्हाला कळू दे."

पहिल्या फेरीत मी जो मागे दिसेल त्याला हात दाखवत सुटलो. बाई म्हणाल्या, "तुम्ही वाहतूक पोलीस होता का?" प्रत्येक वळणाआधी माझा हात आपोआप सिग्नलच्या दांडीवर जायचा. गाडी थांबल्यावर हँडब्रेक ओढायला गेलो तर त्यांनी मनगटच धरलं. तापलेल्या ब्रेकवर तो ओढायचा नसतो, गाडी गिअरमध्ये टाकून ठेवायची. बावीस वर्षांची विद्या, तिथे एकेक करून उतरवून ठेवत होतो.

त्यांचं शिकवणं थोडक्यात असं: गाडी सरळ असताना काय दाबायचं ते जोरात दाबा, मग सोडा, मग वळा. डोळे बॉनेटवर नकोत, जिथे बाहेर पडायचंय तिथे हवेत. आणि वळणाच्या मध्यावर ब्रेक नाही.

"घाबरलो तरी?" मी विचारलं.

"घाबरलात तर मुळीच नाही. मागची चाकं हलकी होतात आणि गाडी ढुंगण पुढे काढते."

"आणि शेजारच्याने दाबला तर?"

हे मी सहजच विचारलं. क्लासच्या मुलांना सांगायला बरं, म्हणून. त्या म्हणाल्या, "गाडीला काय कळतं पाय कुणाचा?"

तिसरं वळण आपल्या त्या वळणासारखं आहे. लांब, आणि बाहेरच्या अंगाला उतरलेलं. तिथे मी पासष्टच्या वर गेलोच नाही. पाय ऐकेना. बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी.

मला उत्तर लवकर हवंय असंही नाही. दमलोय.

दादा


३ मार्च

धाकट्या,

हे पत्र बसून वाच. बायको घरात असेल तर तिलाही बसव. तिलाही हे कळायला हवं.

काल पुन्हा गेलो होतो. तिसऱ्या वळणावर आधी सत्तर, मग पंचाहत्तर. दुपारच्या फेरीत ऐंशी. बाई शेजारी पाय दुमडून बसल्या होत्या आणि एकच शब्द म्हणत होत्या, "लांब बघा, लांब बघा." गाडी अशी गेली जणू रूळ टाकलेत. मला वाटलं काटा चुकतोय. पुन्हा फिरून आलो, पुन्हा ऐंशी. मग पंच्याऐंशी. टायर जरासे कुरकुरले, बास. चार वेळा गेलो. चारही वेळा गाडी टिकली.

बाहेर पडल्यावर बाई खूश होत्या. "बघा, तुमची गाडी तुमच्यापेक्षा धीट आहे." मला उतरताच येईना.

ट्रॅकच्या आत एक मोठं गोल आवार आहे. त्यावर पाणी सोडून गाडी घसरली तर काय करायचं ते शिकवतात. मी बाईंना म्हणालो, तिथे एक करा. मी चालवतो, तुम्ही वळणाच्या मध्यावर, न सांगता, तुमचा ब्रेक दाबा. दोन्ही पेडलं एका सळईने जोडलेली आहेत, एक दाबलं की दुसरंही खाली जातं, हे तुला सांगायला नको. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कशासाठी?" म्हणाल्या. मी म्हणालो, मला बघायचंय. त्यांनी वेग पंचेचाळीसवर ठरवून दिला, वर एक काटा नाही.

दोन चकरा काही झालं नाही. तिसऱ्या चकरेत मी पाय ब्रेककडे नेत होतो, इतक्यात पेडल माझ्या आधी खाली गेलं.

तुझे शब्द आहेत हे. मला दुसरे सापडले नाहीत. मागचा भाग सुटला, सगळं जग खिडकीतून आडवं निघून गेलं, आणि गाडी जिथून आलो तिकडे तोंड करून थांबली. मला काहीही करायला वाव नव्हता. तुलाही नव्हता.

आता लिहितो. आपले गुरुजी सांगायचे, चुकलं तर खोडू नका, आडवी रेघ मारा आणि खाली बरोबर लिहा. काय चुकलं होतं तेही दिसलं पाहिजे. तर वरची रेघ ही: पहिल्या पत्रात मी लिहिलं की मला एक प्रश्न आहे. मला प्रश्न नव्हता. मी ब्रेक दाबला होता, हे मला त्याच क्षणापासून माहीत होतं. त्या वळणावर टँकर समोरून आला, त्याच्या त्याच्या बाजूने, नीट. तू बरोबर चालवत होतास. मी घाबरलो आणि पूर्ण पाय दिला. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की दाबला खरा, पण गाडी त्याने फिरली नाही, तुझ्या वेगाने फिरली. तेवढ्या फटीत मी राहत होतो.

जबाब लिहून घेताना मी म्हणालो, "गाडी वेगात होती, वळणावर ताबा सुटला." दोन्ही वाक्यांत खोटा शब्द नाही. तसंच बोलायचं हे मी बाहेरच्या बाकावर बसून ठरवलं होतं. दवाखान्यात तू मला विचारलंस, "दादा, तू दाबलास का रे?" मी नाही म्हटलं नाही. मी म्हणालो, "मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होतो." आणि तू लगेच मानलंस, कारण मी तसा माणूस आहे हे सगळ्यांना माहीत आहे. माझे डोळे उघडे होते. देवाचं नाव मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

नंतर मामा, तुझे सासरे, शेजारचा शिंपी, सगळ्यांना आपल्या पुढच्या खोलीत बसवून तू कुबडीवर उभा राहिलास आणि म्हणालास, "माझाच पाय गेला असेल. दादाचा जीव घेतला असता मी." वाकता येत नव्हतं तरी वाकलास. मी तुला उठवलं आणि माफ केलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. शिंपी म्हणाला, भाऊ असावा तर असा.

त्यानंतर तू गाव सोडलंस, स्टिअरिंगला हात लावला नाहीस. मी मात्र रोज सकाळी लोकांना सांगतो, घाबरू नका, मी शेजारी आहे.

क्षमा मागत नाही. तू मागितलीस तेव्हा मी ती लगेच दिली. इतक्या पटकन दिलेल्या वस्तूची किंमत मला ठाऊक आहे.

दादा


२१ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. मी इकडे काय झालं ते कळवतो.

पत्र टाकून आलो आणि आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "माफ करताना चार माणसं बसवलीस. कबूल करताना पाकीट?"

मी म्हणालो, "आई, लोक काय..."

"लोक काय ते तेव्हा विचारलं नाहीस. वाहवा घ्यायला बोलावलेस ना? आता त्यांनाच बोलाव. चहा मी करते."

गेल्या शुक्रवारी तीच माणसं त्याच खोलीत बसवली. मी उभा राहून सांगितलं. वाटलं होतं तितका वेळ लागला नाही, सगळं मिळून पाच-सात वाक्यं. मामा म्हणाले, "सहा वर्षांनी कशाला उकरतोस? अपघात तो अपघात. कुणाचा पाय, कुणाचा हात, सगळं विधिलिखित." मला क्षणभर ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरम वाटली. शिंप्याने चहा तसाच ठेवला. तुझे सासरे चपला घालायला उठले. मग म्हणाले, "मी माझ्या मुलीसमोर त्याला बेफिकीर म्हणालोय. एकदा नाही. आता ते शब्द कुठून गोळा करून आणू?" माझ्याकडे न बघता गेले. आई मागून म्हणाली, "जाऊ दे त्यांना. आज कुणी तुझी समजूत काढायची नाही."

सोमवारी, आपल्या अपघाताची चौकशी झाली होती त्या कार्यालयात गेलो. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "यासाठी अर्जाचा नमुना नाही, काका. लोक इथे दुसऱ्याची तक्रार घेऊन येतात." मी म्हणालो, साध्या कागदावर देतो. त्याने साहेबांना विचारलं. साहेबांनी बोलावून घेतलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "तुमचा शिकवण्याचा परवाना जाऊ शकतो, कळतंय ना?" कळतंय म्हणालो. शिक्का मारून घेतला. नक्कल या पत्रासोबत आहे. जुन्या नोंदीला ती जोडली जाईल आणि तुझ्या नावापुढचा शेरा बदलायचा की नाही यावर दीड-दोन महिन्यांत निर्णय होईल, असं ते म्हणाले. रुग्णवाहिकेच्या कार्यालयातही एक प्रत देऊन आलो. तिथला जुना वरिष्ठ अजून आहे. त्याने कागद वाचून घडी घातली आणि म्हणाला, "आमचा सगळ्यात शांत ड्रायव्हर होता तो." प्रत मिळाल्याची सही घेऊन मी बाहेर पडलो.

क्लास बंद ठेवलाय. जी मुलं अर्ध्यात होती त्यांना दुसरीकडे नेऊन सोडलं. तुझी वहिनी बोलत नाही, पण जेवायला वाढते. तिला वाटतं मी तिलाही सहा वर्षं फसवलं, आणि ते खरंच आहे. सकाळी सहाला जाग येते आणि जायला कुठे नसतं. अशा वेळी देवासमोर बसतो. पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसतो. तो काही बोलत नाही. मीही काही मागत नाही.

काल संध्याकाळी तुझ्या बायकोचा फोन आला. मला वाटलं ती ओरडेल. ती हळूच बोलत होती. म्हणाली, "पत्र त्यांनी तीनदा वाचलं. आज कामावरून आले आणि म्हणाले, स्कूटरची किल्ली दे." लग्नाआधी तिने स्कूटर शिकून घेतली होती. हल्ली ती चालवते आणि तू मागे बसतोस, हे तिनेच मला सांगितलं. मला माहीत नव्हतं. तिने किल्ली दिली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. तू गल्लीच्या टोकापर्यंत गेलास, वळलास, दिसेनासा झालास. बऱ्याच वेळाने दुसऱ्या बाजूने आलास. पेट्रोल संपवून, ढकलत. घामाघूम. तिला म्हणालास, "काटा बघायचंच विसरलो."

ती फोनवर हसत होती आणि रडतही होती, मला नीट कळलं नाही. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"नाही, दादा."

"विचारू नकोस त्याला."

"नाही विचारणार," ती म्हणाली. "आणि तुम्हीही इतक्यात येऊ नका."

येणार नाही. तुझ्या फोनची वाट बघत नाही असं लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल. बघतो. पण नाही आला तरी तुझ्यावर काही राहत नाही.

या पत्रांखाली मी सवयीने दादा लिहीत आलो. आज लेखणी थांबली. ते नाव तू मला दिलंस, बोलायला लागलास तेव्हा. आईच्याही आधी तो शब्द तुझ्या तोंडून आला होता, तिला अजून त्याचा राग आहे. आज ती जागा रिकामी ठेवतो. काय लिहायचं ते तू ठरव.